दिवे लावणारा माणूस
बर्फावरील हॉकीचा खेळाडू आणि प्रशिक्षक टो ब्लेक याची कहाणी

परीक्षेचा निकाल हाती घेऊन चिरंजीव घरी आले, की वडील चष्म्यावरून पाहत विचारतात, ‘‘काय दिवे लावलेत?’’ त्या दिव्यांचा उजेड किती असतो, हे विचारणाऱ्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही! कॅनडात मात्र एका गृहस्थाला ‘दिवे लावणारा’ ही पदवी लोकांनी कौतुकाने बहाल केली होती. बर्फावरील हॉकीत गोलजाळ्याच्या पाठीमागे एक तांबडा दिवा असतो. चकती जाळ्यात शिरली, की मागे बसलेला गोल-पंच कळ दाबतो आणि दिवा लागतो. हेक्टर ब्लेक हा खेळाडू तो दिवा इतक्या वेळा लावी, की लोक त्याला ‘म्हातारा दिवेलावू’ म्हणू लागले. तेव्हा तो पुरता तिशीचाही नव्हता!

पण हा लेख त्याने स्वतः लावलेल्या दिव्यांपुरता नाही. खेळणे संपल्यावर त्याने दुसऱ्यांच्या हातून जे दिवे लावून घेतले, त्यांची ही हकीकत आहे. उत्तम खेळाडू उत्तम शिक्षक होतोच असे नाही. स्वतःला जे सहज जमते, ते दुसऱ्याला का जमत नाही, हेच पुष्कळदा मोठ्या खेळाडूला उमगत नाही. ब्लेकला ते उमगले आणि त्यापायी त्याने मोल किती मोजले, हे पाहण्यासारखे आहे.

हा खेळ तरी कसा?

आपल्याला हॉकी म्हटले, की हिरवे मैदान आणि ध्यानचंदची काठी आठवते. कॅनडातली हॉकी बर्फावरची. सुमारे दोनशे फूट लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद असा बर्फाचा चौक, त्याभोवती लाकडी फळ्यांचे कुंपण. चेंडूऐवजी कडक रबराची एक चकती. तीन इंच व्यासाची, एक इंच जाड. तिने उसळी मारू नये म्हणून खेळापूर्वी ती चक्क गोठवून ठेवतात! एका बाजूला सहा गडी, त्यांतला एक गोलरक्षक. पायांत पोलादी पात्यांचे बूट. खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांचा.

गडी बर्फावरून असे भरधाव सुटतात, की मिनिटा-दीड मिनिटात दम उखडतो. म्हणून खेळ चालू असतानाच गडी बदलतात. एक फळी कुंपणावरून उडी घेऊन बाहेर, तर दुसरी आत. कोणत्या क्षणी कोणाला धाडायचे, कोणासमोर कोणाला उभे करायचे, कोणाला बाकावर बसवून थंड होऊ द्यायचे, हा सारा कारभार प्रशिक्षकाचा. क्रिकेटचा प्रशिक्षक एकदा खेळ सुरू झाला की पुष्कळसा प्रेक्षक होतो. बर्फावरील हॉकीचा प्रशिक्षक साठ मिनिटे लढाईत असतो, फक्त हातात काठी नसते.

खाणीच्या गावचा पोरगा

हेक्टर ब्लेकचा जन्म 21 ऑगस्ट 1912 रोजी ओंटारियो प्रांतातील व्हिक्टोरिया माइन्स या वस्तीत झाला. हा सडबरीच्या आसपासचा निकेलच्या खाणींचा मुलूख. धातू गाळण्याची भट्टी दुसरीकडे हलली, तशी व्हिक्टोरिया माइन्सची वस्तीही उठली. भट्टी जिथे गेली, त्या कॉनिस्टन गावात हेक्टर वाढला. घरात एक धाकटी बहीण होती. तिच्या बोबड्या जिभेला ‘हेक्टर’ पेलेना. ती ‘हेक-टो’ म्हणे. त्यातले ‘टो’ तेवढे राहिले. इंग्रजीत ‘टो’ म्हणजे पायाचे बोट. पण पुढे लाखो लोकांनी त्याला याच नावाने हाका मारल्या, आणि हसले कोणी नाही.

त्याची आई फ्रेंच भाषिक कॅनेडियन होती. त्यामुळे घरातच त्याला इंग्रजीबरोबर फ्रेंचही आली. त्या वयात या गोष्टीचे महत्त्व कोणाला वाटणार? परंतु पुढे आयुष्याच्या मोठ्या वळणावर गोल मारण्याच्या कसबाइतकीच ही मायबोली त्याच्या उपयोगी पडली.

1932 साली सडबरीच्या कुमार संघातून त्याने कॅनडातला मानाचा मेमोरियल कप मिळवला. 1934-35 मध्ये मॉन्ट्रियलच्या मरून्स या धंदेवाईक संघात त्याचा शिरकाव झाला. त्या साली मरून्सनी स्टॅन्ले कप, म्हणजे या खेळातला सर्वांत मोठा करंडक जिंकला. पण ब्लेक बहुतेक वेळ बाकावरच होता. 1936 च्या फेब्रुवारीत मरून्सनी त्याला त्याच शहरातल्या कॅनेडियन्स या संघाकडे देऊन टाकले. देणाऱ्यांना आपण काय दिले याची कल्पना नसावी. तीन वर्षांत, 1938-39 च्या मोसमात, हाच ब्लेक 48 सामन्यांत 47 गुण मिळवून साऱ्या लीगमध्ये पहिला आला आणि सर्वोत्तम खेळाडूचे हार्ट पारितोषिकही त्यालाच मिळाले. (या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो, आणि त्याला चकती पुरवणाऱ्यालाही एक. ही पद्धत किती शहाणपणाची!)

1940 मध्ये तो संघनायक झाला. 1943 मध्ये प्रशिक्षक डिक अर्विनने तीन गडी एका फळीत जोडले. मधोमध एल्मर लाक, डावीकडे ब्लेक आणि उजवीकडे एक काळ्याभोर, धगधगत्या डोळ्यांचा फ्रेंच तरुण, मॉरिस रिशार. लोकांनी या त्रिकुटाला ‘पंच लाइन’, म्हणजे ठोसेबाज फळी असे नाव दिले. 1944-45 मध्ये रिशारने 50 सामन्यांत 50 गोल मारले. तसे पूर्वी कोणी केले नव्हते. त्या मोसमात गुणांच्या यादीत पहिला लाक, दुसरा रिशार आणि तिसरा ब्लेक! 1944 आणि 1946 असे दोनदा या संघाने स्टॅन्ले कप आणला, आणि दोन्ही वेळा करंडक पक्का करणारा गोल ब्लेकच्या काठीतून निघाला.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. 1945-46 च्या सबंध मोसमात ब्लेकला शिक्षा झाली ती अवघी दोन मिनिटांची. सभ्य खेळाबद्दलचे लेडी बिंग पारितोषिक त्या साली त्याला मिळाले. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे; पुढे त्याचे काम पडणार आहे.

11 जानेवारी 1948 रोजी न्यूयॉर्कविरुद्धच्या सामन्यात ब्लेक एका धडकेने कुंपणाकडे कोसळला. पाय मोडला आणि त्याबरोबर त्याचे खेळणेही संपले. खात्यावर 235 गोल जमा होते, आणि वय पस्तीस.

पुन्हा पहिलीपासून

नावाजलेला खेळाडू निवृत्त झाला, की त्याला वाटते आता मोठ्या संघाची गादी आपलीच. ब्लेकच्या वाट्याला गादी आली नाही. आल्या त्या दुय्यम लीग. ह्यूस्टन, मग बफेलो, आणि मग क्वेबेक प्रांतातले व्हॅलीफील्ड हे गिरण्यांचे गाव. तिथे तो काही वर्षे राहिला. तिथे वर चढू पाहणारी पोरे होती, वरून खाली आलेले थकलेले गडी होते, आणि पैसा बेताचा. मात्र माणसे वाचण्याचा धडा अशाच शाळेत मिळतो. कोणाला रागवले की तो पेटून उठतो, कोणाला रागवले की तो विझून जातो, हे ब्लेक तिथे शिकला.

इकडे मॉन्ट्रियलमध्ये मॉरिस रिशार हा नुसता खेळाडू उरला नव्हता. क्वेबेक प्रांतात फ्रेंच बोलणारे बहुसंख्य. पण कारखाने, बँका आणि मोठ्या खुर्च्या इंग्रजी बोलणाऱ्यांकडे. आपल्याच गावात आपल्या भाषेला दुय्यम मान, हे दुःख आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. रिशारची काठी चालू लागली, की त्या सामान्य फ्रेंच माणसाला वाटे, हा आपला माणूस, आपल्या वतीने लढतो आहे. लोकांनी त्याला ‘रॉकेट’ म्हटले. हे रॉकेट पेटे लवकर, आणि एकदा पेटले की कोणाला आवरत नसे.

13 मार्च 1955 रोजी बॉस्टनमध्ये प्रतिपक्षाच्या एका गड्याशी त्याची जुंपली. काठ्या चालल्या, आणि आवरायला आलेल्या लाइन्समनलाही त्याने ठोसे लगावले. लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्बेल यांनी त्याला मोसमातल्या उरलेल्या आणि करंडकाच्याही साऱ्या सामन्यांतून बाहेर काढले. रिशार त्या वेळी गुणांच्या यादीत पहिला होता. तो मान गेला, आणि पुढेही त्याच्या नशिबी कधी आला नाही.

17 मार्चला मॉन्ट्रियलच्या ‘फोरम’ या क्रीडागृहात सामना होता. कॅम्बेल येऊन आपल्या जागी बसले मात्र, अंडी आणि टोमॅटो यांचा वर्षाव सुरू झाला. कोणीतरी अश्रुधुराचे नळकांडे फोडले. डेट्रॉइट संघ 4-1 असा पुढे होता. सामना त्यांना देऊन टाकण्यात आला. जमाव सेंट कॅथरीन रस्त्यावर उतरला, दुकानांच्या काचा फुटल्या, लूटमार झाली. दुसऱ्या दिवशी रिशारला रेडिओवरून लोकांना शांत राहण्याची विनंती करावी लागली, तेव्हा शहर थंडावले. एका खेळाडूच्या शिक्षेवरून एवढे रण माजलेले कॅनडाने पाहिले नव्हते. संघ अंतिम फेरीत हरला. पंधरा मोसम धुरा वाहिलेला डिक अर्विन निघून गेला. रिशारच्या आगीत तेल घालणाऱ्यांत त्याचाही हात होता, असे संघचालकांचे मत झाले होते.

आता नवा प्रशिक्षक हवा होता. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणारा, आणि रिशारने ज्याचे ऐकावे असा. व्यवस्थापक फ्रँक सेल्की यांनी व्हॅलीफील्डच्या मार्गे वर आलेल्या या जुन्या संघनायकाला बोलावणे धाडले.

आपल्याच सोबत्यांचा मालक

कालपर्यंत ज्याच्या शेजारी बसून बुटाच्या नाड्या बांधल्या, त्याला आज हुकूम करायचा! कचेरीत ज्याला बढती मिळाली आहे, त्याला यातली अडचण विचारा. फार सलगी ठेवावी तर दरारा राहत नाही. फार अंतर ठेवावे तर जुने मित्र म्हणतात, ‘साहेब झाला!’

ब्लेकने रिशारला उपदेशाचे डोस पाजले नाहीत. उगाच भांडणात पडून शिक्षा भोगत बसलास तर संघाचे नुकसान होते, एवढी साधी गोष्ट त्याने जुन्या सोबत्याच्या नात्याने सांगितली. त्यातच रिशारचा धाकटा भाऊ आंरी त्याच वर्षी संघात आला. चणीने लहान, पण पायांत वीज. ब्लेकने या दोघा भावांना डिकी मूरबरोबर एका फळीत खेळवले. वडीलभाऊ म्हणून जबाबदारी आली, की भल्याभल्यांचा राग निवतो, हे आपल्या घरांतही आपण पाहतो. 1954-55 मध्ये मॉरिस रिशारची शिक्षेची मिनिटे 125 होती. ब्लेकच्या पहिल्याच मोसमात ती 89 वर आली. गोल मात्र तितकेच राहिले, 38!

त्या मोसमात कॅनेडियन्सनी सत्तर सामन्यांपैकी 45 जिंकले आणि पंधराच गमावले. प्रतिपक्षाच्या एखाद्या गड्याला शिक्षा होऊन तो दोन मिनिटे बाहेर बसला, की यांचे पाच कसलेले गडी असा हल्ला चढवीत, की त्या दोन मिनिटांत दोन-तीन गोल होऊन जात. नोव्हेंबर 1955 मध्ये जाँ बेलिव्होने बॉस्टनवर 44 सेकंदांत तीन गोल चढवले! शेवटी लीगने नियमच बदलला. शिक्षेच्या त्या दोन मिनिटांत एक गोल झाला, की शिक्षा झालेला गडी परत खेळायला येऊ लागला. एका संघाला आवरायला कायदा करावा लागावा, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

1956 मध्ये स्टॅन्ले कप मॉन्ट्रियलला आला. मग 1957 मध्ये आला, 1958 मध्ये आला, 1959 मध्ये आला. आणि 1960 मध्ये तर करंडकाच्या आठही सामन्यांत एकही हार न पत्करता आला. ओळीने पाच वर्षे! असा पराक्रम त्यापूर्वी कोणी केला नव्हता, आणि त्यानंतर आजवर कोणाला जमलेला नाही.

‘असे रत्नजडित गडी मिळाले तर कोणीही जिंकेल,’ असे म्हणणारे तेव्हाही होते. पण रत्ने एका माळेत ओवणे हीच कठीण गोष्ट. 1957-58 मधला प्रसंग पाहा. डिकी मूरच्या मनगटाचे हाड मोडले. गुणांच्या यादीत तो आणि आंरी रिशार दोघेही वरच्या जागी होते. मूर ब्लेककडे गेला आणि म्हणाला, माझ्या मोडक्या हातामुळे आंरीचे नुकसान होत असेल, तर मला या फळीतून काढा. ब्लेकने तिथल्या तिथे हुकूम सोडला नाही. त्याने दोन्ही रिशार भावांना बसवून विचारले. दोघांनीही नकार दिला. मूरने इथेच खेळायचे! मूर प्लास्टरमधल्या हाताने खेळला आणि 84 गुणांसह पहिला आला. आंरी 80 गुणांवर दुसरा राहिला. ज्या संघात असा नकार देणारी माणसे निपजतात, तिथल्या प्रशिक्षकाने काय शिकवले हे वेगळे सांगायला नको.

मुखवट्याचे प्रकरण

अर्थात ब्लेक काही सर्वज्ञ नव्हता. त्याचा गोलरक्षक झाक प्लाँत हा मोठा विक्षिप्त मनुष्य. स्वतःच्या लोकरीच्या टोप्या स्वतः विणी! त्या काळी गोलरक्षक उघड्या तोंडाने उभा राही आणि रबराची ती चकती गोळीसारखी अंगावर येई. प्लाँतने तोंडावर घालायला एक मुखवटा करून घेतला. ब्लेकने सरावात तो घालू दिला. सामन्यात मुळीच नाही. मुखवट्याने नजर अडते आणि माणूस निर्धास्त होऊन ढिला पडतो, असे त्याचे मत.

1 नोव्हेंबर 1959. न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका थेट प्लाँतच्या तोंडावर बसला. रक्ताच्या धारा लागल्या. टाके घालून आल्यावर प्लाँतने सांगितले, मुखवटा घालू दिला तरच उभा राहतो. तेव्हा संघाबरोबर दुसरा गोलरक्षक बाळगण्याची रीत नव्हती. ब्लेकचा नाइलाज झाला. प्लाँत मुखवटा घालून उतरला आणि संघ 3-1 असा जिंकला. मग विजयांची रांग लागली. तरी ब्लेकचे मन मानेना. मार्च 1960 मध्ये त्याच्या आग्रहावरून प्लाँत एकदा बिनमुखवट्याचा खेळला, आणि नेमका तो सामना हरला! त्यानंतर मुखवटा गेला नाही. आज या खेळात मुखवट्यावाचून गोलरक्षक दिसत नाही. ब्लेकचे मोठेपण इतकेच, की स्वतःचे मत खोटे ठरल्यावर त्याने ते गड्याच्या डोक्यावर लादत ठेवले नाही.

ज्याने थंड केले, तोच भडकला

सप्टेंबर 1960 मध्ये मॉरिस रिशार निवृत्त झाला. 26 मार्च 1961 रोजी शिकागोतला करंडकाचा सामना जादा वेळेच्या तिसऱ्या डावापर्यंत गेला आणि मॉन्ट्रियल हरले. ब्लेकच्या मते पंचाने अन्याय केला होता. डोक्यावर नेहमीची फेल्ट हॅट घातलेला हा अठ्ठेचाळीस वर्षांचा गृहस्थ तरातरा बर्फावर उतरला आणि त्याने पंच डाल्टन मॅकआर्थर याच्यावर ठोसा उगारला! कॅम्बेलसाहेबांनी त्याला दोन हजार डॉलर दंड केला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

ज्याला सबंध मोसमात दोन मिनिटांची शिक्षा झाली होती, सभ्यतेचे पारितोषिक ज्याने मिळवले, रिशारला ज्याने संयम शिकवला, त्याच्या हातून हे घडले! याचे नवल वाटते खरे. पण थोडा विचार केला तर उलगडा होतो. खेळाडूच्या अंगातली आग पायांतून, हातांतून बाहेर पडते. प्रशिक्षकाला ती आतच कोंडावी लागते. हरल्यावर ब्लेकजवळ जाण्याची कोणाची छाती होत नसे. जिंकूनही त्याला सुख नव्हते. कारण त्या शहराला जिंकण्याची सवय त्यानेच लावली होती. पाच करंडकांनंतर सहावा न मिळणे हा तिथे गुन्हा होता.

चार वर्षे करंडक आला नाही. जुने गडी गेले, प्लाँतलाही 1963 मध्ये दुसऱ्या संघाकडे पाठवण्यात आले. ब्लेकने नव्याने घडी बसवली. 1965 आणि 1966 मध्ये करंडक पुन्हा आला. 1967 मध्ये टोरंटोने तो हिसकावला. 11 मे 1968 रोजी सेंट लुइसला चौथ्यांदा हरवून कॅनेडियन्सनी तो परत आणला. ब्लेकचा प्रशिक्षक म्हणून हा आठवा करंडक, तेरा मोसमांत. जल्लोष चालू असतानाच त्याने सांगितले, आता पुरे. वय पंचावन्न, अंगात बळ होते, पण तो ताण मनाला सोसवेना. त्याच्या नावावर नेमके 500 विजय जमा होते.

मागे उरले ते

त्या दिवशी समोरच्या बाकावर सेंट लुइसचा जो तरुण प्रशिक्षक उभा होता, त्याचे नाव स्कॉटी बोमन. हा मॉन्ट्रियलच्याच तालमीत वाढलेला आणि ब्लेकचे काम जवळून पाहिलेला. 1971 मध्ये तो कॅनेडियन्सचा प्रशिक्षक झाला, आणि 2002 मध्ये नववा करंडक जिंकून त्याने ब्लेकचा आठांचा विक्रम मागे टाकला. शिष्याने गुरूला मागे टाकावे, यात गुरूचा पराभव नसतो.

ब्लेकची अखेरची वर्षे मात्र करुण होती. त्याला स्मृतिभ्रंशाने गाठले. ज्याला प्रत्येक गड्याची खोड पाठ होती, त्याला ओळखीचे चेहरे परके होऊ लागले. 17 मे 1995 रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले. पुढच्या मार्चमध्ये फोरममधला शेवटचा सामना होऊन संघ नव्या जागी गेला. त्या समारंभात मॉरिस रिशार बर्फावर आला, तेव्हा लोक कित्येक मिनिटे उभे राहून टाळ्या वाजवीत होते.

ज्या रिशारसाठी एके काळी त्या शहराने काचा फोडल्या होत्या, त्याच्याचसाठी आता डोळ्यांतून पाणी काढले. मधल्या काळात त्याच्या खात्यावर पाच करंडक पडले होते, आणि ते सारे त्याच्या मागे बाकावर उभ्या असलेल्या, फेल्ट हॅट घातलेल्या माणसाच्या कारकिर्दीतले होते.

स्वतःच्या हातांनी दिवे लावणे ही कला खरीच. पण दुसऱ्याच्या हाती काडी देऊन ‘तू लाव’ म्हणणे, आणि त्याने दुकानाला आग न लावता दिवाच लावावा एवढा विश्वास त्याच्यावर टाकणे, याला वेगळे काळीज लागते. शाळेतल्या मास्तरांना ते लागते, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही लागते. यंदा पणत्या लावताना घरातल्या उनाड पोराच्या हाती एखादी काडी द्यायला हरकत नाही!